कंदीलताईचा चेहरा

काही माणसांच्या पोटात गोष्ट राहत नाही. हिची तर पोटापर्यंत पोचतच नसे, वरच्या वर चेहऱ्यावर उघडी पडे. भूक लागली, दिसलं. कंटाळा आला, दिसलं. मुख्याध्यापकांचा विनोद कळला नाही, तेही दिसलं, आणि त्यानंतर मुख्याध्यापक बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. आणि अशी ही मुलगी इंटर्नशिपला आली कुठल्या कामाच्या, तर शाळेतल्या मानसतज्ज्ञाच्या! समोर बसलेल्या पोरानं उत्तर बरोबर दिलं काय आणि साफ चुकवलं काय, चाचणी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलता कामा नये, असं ते काम. आता काय म्हणावं!

म्हणायचं ते बाईंनीच म्हटलं. शाळेत बाकीच्या शिक्षिकांना विषय जोडून हाक मारत, गणिताच्या बाई, चित्रकलेच्या बाई. नुसतं 'बाई' म्हटलं की त्या एकच, जिन्याखालच्या खोलीतल्या. कुठलं मूल वर्गात का मागे पडतंय, कुणाला वाचायला का जमत नाही, कोण उगाच मारामाऱ्या करतं, हे शोधून काढायचं बाईंचं काम. खोली पूर्वी खेळाचं सामान ठेवायची होती. दोन दिवस बंद राहिली की अजून रबरी चेंडूंचा वास येई. एका बाजूनं छत जिन्याच्या उतारासारखं खाली आलेलं, त्यामुळे उंच पालक आला की आधी त्याचं टाळकं आपटे आणि मग नमस्कार होई. एक बुटकं टेबल, दोन लहान खुर्च्या, कोपऱ्यात एक मोठी खुर्ची, कपाटात ठोकळ्यांची पेटी आणि टेबलावर तंबूसारखी उभी राहणारी चित्रांची वही. मधली सुट्टी झाली की सगळी शाळा डोक्यावरून धडधडत उतरे. तेवढा वेळ चाचणी थांबवायची, असा बाईंचा नियम.

बाईंना स्वतःच्या चेहऱ्याचा अभिमान होता. म्हणजे दिसण्याचा नव्हे हो, न दिसण्याचा. इतक्या वर्षांत एकाही पोराला आपल्या तोंडावरून उत्तर कळलं नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. पोरं म्हणत, बाईंना गुदगुल्या केल्या तरी समजणार नाही. हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

इंटर्नशिप वर्षाची. वर्षातून तीनदा मूल्यमापन, सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. प्रत्येक कौशल्यापुढे तीन पायऱ्या: शिकते आहे, मदतीने जमतं, एकटीने जमतं. शेवटच्या वेळी सगळीकडे तिसरी पायरी पाहिजे. एक जरी हुकली तरी सगळं वर्ष पुन्हा. पायऱ्या ठरवायच्या बाईंनी, सही बाईंची.

पहिल्या मूल्यमापनाला बाई कोपऱ्यातल्या मोठ्या खुर्चीत बसल्या. समोर चौथीतला एक गोलमटोल मुलगा. चित्रांच्या वहीत एका पानावर चार चित्रं, त्यातलं न जुळणारं बोटानं दाखवायचं. मुलानं पहिलं बरोबर दाखवलं आणि ही पोरगी अशी फुलली की बघत राहावं! दुसरं चुकलं, तर हिचाच चेहरा पडला, जसं काही हीच नापास झाली. तिसऱ्या पानापासून तो बिलंदर चित्रांकडे कमी आणि हिच्याकडे जास्त बघायला लागला. बाईंनी कपाळाला हात लावायचा बाकी ठेवला.

मुलगा वर्गात गेल्यावर बाई म्हणाल्या, "काय केलंस कळलं का?"

"काय केलं, बाई?"

"अगं, कंदील लावल्यासारखी उजळतेस! चूक झाली की विझतेस. त्या पोरानं डोकं कशाला चालवायचं? तुझ्याकडे बघितलं की झालं काम."

हे बोलणं दारातून जाणाऱ्या शिपाईमामांनी ऐकलं. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव कंदील पडलं आणि शाळा सुटेपर्यंत पोरांनी त्याला ताई जोडली. दुसरी कुणी असती तर रुसली असती. ही दुसऱ्या दिवशी हसत हसत आली आणि म्हणाली, "बाई, बरं झालं. आधीच्या शाळेत मला भोपळा म्हणायचे." बाईंनी चष्मा नाकावर वर सारला आणि कपाट उघडलं.

खरं सांगायचं तर पोरगी पहिल्याच आठवड्यात बाईंच्या मनात भरली होती. बाकी कशातच तिला नाव ठेवायला जागा नव्हती. रडणारं मूल आलं की ही सरळ फरशीवर मांडी घालून बसे, विचारपूस काही करत नसे, नुसती बसे. पोरगं आपणच बोलायला लागे. तावातावानं भांडायला आलेले पालक हिच्याशी बोलून जाताना पाण्याची बाटली विसरून जात, इतके शांत होऊन जात. अहवाल असे लिही की आईबापांना शेजारच्या शिकलेल्या माणसाकडे न्यावे लागत नसत. आणि शाळेला मानसतज्ज्ञाची दुसरी जागा मंजूर झाली होती. इतकी वर्षं त्या उतरत्या छताखाली एकट्यानं डबा खाल्लेल्या बाईंना मनापासून वाटे, ही जागा या पोरीला मिळावी. पण त्यांनी हे तिला सांगितलं नाही, चेहऱ्यावर तर अजिबातच दाखवलं नाही. सही आपली आहे. माया लागली म्हणून पायरी द्यायची, असल्या लबाडीत बाई कधी पडल्या नव्हत्या.

कंदीलताईनं चेहरा आवरायचे काय काय उपाय केले! ओठ घट्ट मिटून बघितले. गाल आतून चावून धरले. घरी आरशासमोर बसून मोठ्या भावाला उत्तरं बरोबर नि चूक सांगायला लावली, आणि तो इतका हसला की दोघांच्या आईनं येऊन दोघांनाही झापलं. एकदा गाल चावून, डोळे ताठ करून ती चाचणी घेत होती, तर पहिलीतलं एक पिल्लू उठून तिच्याजवळ आलं आणि हळूच म्हणालं, "ताई, तुझा दात दुखतोय का?"

बाईंनी हे रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. नवरा दातांचा डॉक्टर, त्यामुळे त्याला जरा जास्तच हसू आलं. ठसका लागेपर्यंत हसून झाल्यावर तो म्हणाला, "पाठव तिला माझ्याकडे. दात बघतो, चेहऱ्याचं काही करता येणार नाही."

"हसू नका हो. पोरीचं वर्ष जाईल अशानं."

"तुला आवडते ती."

"मी असं काही म्हटलं का?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मला कळतं. तुला जेवण आवडलं की नाही, तेही मला कळतं."

"काहीतरीच! माझ्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला काही कळलेलं नाही."

"चेहऱ्यावरून नाहीच मुळी."

"मग कशावरून?"

"ते नाही सांगणार. सांगितलं तर तू ते करायचं सोडशील," असं म्हणून त्यानं ताट उचललं आणि घासायला नेलं. बाईंनी मागे लागून विचारलं, पण तो माणूस असा पक्का की शेवटपर्यंत दाद दिली नाही.

आणि मग आली भिंगरी.

तिसरीतली मुलगी. जागेवर बसणं हा प्रकार तिला ठाऊक नव्हता, म्हणून सगळी शाळा तिला भिंगरी म्हणे. आई बेकरीत कामाला, पहाटे जायची. तिला वाटे पोरगी सकाळी अर्धी झोपेत शाळेत जाते म्हणून मागे पडते. वर्गशिक्षिकेचं म्हणणं वेगळंच. "वाचायला उठवलं की हिला खोकला येतो. बाकी तोंडी विचारा, सगळं सांगते. पण पुस्तक समोर ठेवलं की खोकला." पुढच्या वर्षी वाचनात अडणाऱ्या मुलांसाठी छोटा वर्ग सुरू होणार होता. त्यात भिंगरीला घ्यायचं का, हे चाचणीवरून ठरायचं होतं. बाईंनी काम कंदीलताईला दिलं.

निकाल आला तो बघून वर्गशिक्षिका तोंडात बोट घालून उभ्या राहिल्या. भिंगरीचं वाचन वयाप्रमाणे! चित्रांची कोडी तर वयाच्या पुढची. "अहो, कसं शक्य आहे? तिला फळ्यावर स्वतःचं नाव सोडून काही वाचता येत नाही!"

बाईंनी कपाट उघडलं. त्याच चाचणीचा दुसरा संच काढला आणि भिंगरीला स्वतः समोर बसवलं. कंदीलताई कोपऱ्यात. पान उघडलं, वर एक शब्द, खाली चार चित्रं. शब्द वाचून चित्र दाखवायचं. भिंगरीनं शब्दाकडे बघितलंच नाही. तिनं बोट पहिल्या चित्रावर नेलं आणि बाईंच्या तोंडाकडे बघितलं. मग दुसऱ्यावर नेलं, बघितलं. तिसऱ्यावर. चौथ्यावर. परत पहिल्यावर. बोट पानावर गोल गोल फिरत राहिलं आणि डोळे बाईंच्या चेहऱ्यावर. तिथं होतं काय, तर काही नाही. पाच पानं झाल्यावर भिंगरीनं हात मांडीवर ठेवले आणि पुढच्या प्रत्येक पानाला म्हणाली, "माहीत नाही." कोड्यांनासुद्धा. हलायचीही थांबली. भिंगरी आणि हलत नाही!

ती गेल्यावर कंदीलताईचा चेहरा सांगायलाच नको. सगळं कळलं होतं तिला. भिंगरीचं बोट बरोबर चित्रावर यायचं आणि हिचा कंदील लागायचा, बस्स. पोरीनं वाचलं होतं ते फक्त हिचं तोंड.

"बघितलंस ना?" बाई म्हणाल्या. "तुझा आकडा खोटा आहे. पोरगी सगळ्यातच कच्ची आहे, कोड्यांतसुद्धा."

"माझा आकडा खोटा आहे, बाई," कंदीलताई म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबली नाही. "पण तुमचाही खरा नाही."

"काय म्हणालीस?"

"ती घाबरली तुमच्यासमोर. तिला वाटलं तुम्ही रागावलात. तिनं प्रयत्नच सोडला. आणि कच्ची कशी असेल हो ती? माझा चेहरा वाचून एवढ्या पानांची उत्तरं काढली तिनं, मला पत्ता न लागू देता! हे कच्च्या पोरीचं काम आहे का?"

आता बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असे हे शाळेला ठाऊक होतं. "मी हे काम तू शाळेत जायच्या आधीपासून करते आहे," त्या म्हणाल्या. "मला शिकवायला येऊ नकोस. आधी स्वतःचं तोंड सांभाळायला शीक."

त्याच आठवड्यात मध्यावरचं मूल्यमापन होतं. बाकी सगळीकडे दुसरी-तिसरी पायरी आणि 'चाचणीच्या वेळी चेहरा तटस्थ ठेवणे' यापुढे पहिली. बाईंनी रागानं दिली नव्हती, खरंच तीच बसत होती. कंदीलताईनं कागद वाचला, सही केली आणि म्हणाली, "बाई, एक सांगू? शेवटीही हीच पायरी आली तर मी वर्ष पुन्हा करणार नाही. दुसरं काहीतरी काम बघेन. ज्याला जमत नाही त्यानं पोरांच्या आयुष्याशी खेळू नये."

बाईंना हे फार लागलं. चेहऱ्यावर मात्र काही आलं नाही. त्यांनी कागद फाइलीत लावला आणि फाइल कपाटात ठेवली.

त्या दिवशी घरी बाई ताटाशी नुसत्या बसून होत्या. नवऱ्यानं दोनदा विचारलं, काय झालं. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं, भिंगरीचं फिरणारं बोट, 'माहीत नाही', आणि पोरीनं केलेलं तोंड वर करून बोलणं. "म्हणे ती मला घाबरली! मी काय तिला ओरडले का? मी काहीच केलं नाही."

नवऱ्यानं तिच्या ताटात वरण वाढलं. मग म्हणाला, "रागावणार नसशील तर सांगतो. आपलं लग्न झालं ना, तेव्हा पहिली एकदोन वर्षं मीही घाबरायचो."

"मला?"

"मग! मी बोलायचो, तू ऐकायचीस, आणि तुझ्या तोंडावर काहीच नाही. मला वाटायचं ही आपल्याला नापास करते आहे. मी तर बोलायचंच कमी केलं होतं. मग हळूहळू खूण सापडली आणि माझा जीव भांड्यात पडला."

"कसली खूण?"

"ते सोड. त्या भिंगरीला खूण सापडली नव्हती, एवढंच म्हणतोय मी."

बाईंना त्या क्षणी फार वाईट वाटलं. नवऱ्याबद्दल वाटलं आणि मांडीवर हात ठेवून बसलेल्या त्या मुलीबद्दल त्याहून जास्त वाटलं. किती पोरं अशी आपल्यासमोर गप्प झाली असतील, हा विचार मनात आला, आणि तो काही केल्या जाईना.

सकाळी कंदीलताई खोलीत आली तेव्हा बाई भिंगरीची फाइल उघडून बसल्या होत्या. दोन्ही निकालांवर त्यांनी तिरपी रेघ मारली होती. "एक तुझा, एक माझा," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाद. तुझ्याकडे पोरगी चेहरा वाचते, माझ्याकडे हातपाय गाळते. खरा आकडा अजून कुणालाच मिळालेला नाही."

कंदीलताई बघतच राहिली. "बाई..."

"थांब, पूर्ण ऐक. तिसरा संच शिल्लक आहे. वर्षाच्या शेवटी तो तू घ्यायचास, भिंगरीवर. तेच तुझं शेवटचं मूल्यमापन. त्यात चेहऱ्यावरून एक जरी उत्तर कळलं तर मी खोटी पायरी देणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"देऊही नका," ती म्हणाली.

"आणि पोरगी गप्प झाली, तरी देणार नाही."

"म्हणजे तुमच्यासारखंही नको आणि माझ्यासारखंही नको. मग कसं करायचं, बाई?"

"मला माहीत असतं तर मीच नसतं का केलं?" बाई खेकसल्या. हे असं वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि कंदीलताईला फिसकन हसू आलं. बाईंनी चष्मा वर सारून फाइल मिटली.

पुढचे महिने कसे गेले म्हणाल, तर चेहरे करण्यात गेले. कोण म्हणेल दोन शिकल्यासवरलेल्या बायका दार लावून एकमेकींना चित्रांची वही दाखवतायत! कधी बाई पोर व्हायच्या आणि मुद्दाम चुकायच्या, कधी कंदीलताई. बाई हसायचा प्रयत्न करत, तो इतका अवघड दिसे की कंदीलताई म्हणे, "राहू द्या बाई, मीच घाबरले." आणि भिंगरी तर त्या खोलीची वाळवी झाली होती. शाळा भरायच्या आधी आणि मधल्या सुट्टीत खाऊचा डबा घेऊन दारात येऊन बसे आणि तोंड चालवत बाईंकडे टक लावून बघत राही. बाई कुणाशी बोलतायत, काय वाचतायत, ही आपली बघतेय.

"काय गं, काय बघतेस एवढं?" बाई विचारत.

"काही नाही," म्हणून ती पळून जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

वर्ष सरत आलं. शेवटच्या मूल्यमापनाच्या दिवशी सकाळी कंदीलताईनं डबा उघडलासुद्धा नाही. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसल्या. आपण इथं पोरीचा निकाल लावायला बसलोय आणि आपलेच हात गार पडलेत, याचं त्यांना नवल वाटलं.

भिंगरी आली, खुर्चीत बसली, एकदा बाईंकडे आणि एकदा ताईकडे बघून तिनं बोटं मोडली. तयारीच होती पोरीची! कंदीलताईनं वही उभी केली, पण उघडली नाही.

"भिंगरे, तुला एक गंमत सांगू? तुला माझं तोंड वाचता येतं, ते मला कळलंय."

भिंगरीचा चेहरा गोरामोरा झाला.

"अगं, मी रागावले नाही. मला तर वाटलं, केवढी हुशार आहे ही! पण आज माझ्या तोंडावर उत्तर सापडणार नाही. आज मी सगळ्याला हसणार आहे. बरोबर आलं तरी, चुकलं तरी. कारण मला तुझ्यासोबत बसायला आवडतं, त्याचं हसू आहे ते. उत्तर फक्त पानावर मिळेल. आधी नमुन्याचं पान घेऊ, त्याचे मार्क नसतात."

भिंगरीला काही हे पटलं नव्हतं. नमुन्याच्या पानावर तीन कुत्री आणि एक बादली होती. तिनं बोट सरळ एका कुत्र्यावर ठेवलं आणि डोळे बारीक करून ताईकडे बघितलं. ताई हसत होती. बोट दुसऱ्या कुत्र्यावर. ताई तशीच हसत होती. बोट बादलीवर आपटलं. तेच हसू, तसूभर कमी नाही की जास्त नाही. कंदील लागलेला होता आणि तो विझतही नव्हता, भडकतही नव्हता.

बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. वर्षभर त्या पोरीला म्हणत होत्या, विझव, विझव. आणि तिनं काय केलं, तर लावूनच ठेवला! इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत आपल्याला का सुचली नाही, असं त्यांना झालं.

पहिलं खरं पान आलं. भिंगरीनं सवयीनं बोट फिरवलं, वर बघितलं, हसू तेच. पुन्हा फिरवलं. मग तिनं एक उसासा टाकला, मोठ्या माणसासारखा, आणि मान खाली घातली. डोळे पानावर गेले. शब्दावर गेले. ती ओठ हलवून एकेक अक्षर लावायला लागली, अडखळली, पुन्हा सुरू झाली. चुकलं. "छान जोर लावतेस," ताई म्हणाली, हसू तेच. पुढचं जमलं. "छान जोर लावतेस," ताई म्हणाली, हसू तेच.

शब्दांच्या भागात ती फार पुढे गेली नाही, लवकरच अडली. पण 'माहीत नाही' म्हणून हात मांडीवर ठेवले नाहीत, शेवटच्या पानापर्यंत झटली. आणि कोड्यांचा भाग आला तशी अशी काही सुटली! खुर्चीवर गुडघे टेकून उभी, वेणी पुढे, बोट टाकटाक चित्रांवर. वर बघायची तिला आठवणसुद्धा राहिली नाही. डोक्यावरून मधल्या सुट्टीची शाळा धडधडत उतरली, चाचणी थांबवली, तर ही म्हणते, "ताई, पुढचं पान दे ना."

वही मिटली तेव्हा बाईंना चित्र स्वच्छ दिसत होतं. पोरगी डोक्यानं तल्लख आणि वाचनात खरोखर अडलेली. छोट्या वर्गात जागा पक्की, आणि वर्गशिक्षिकेला सांगायचं की हिला कच्ची म्हणायचं नाही. हा होता खरा आकडा, आणि तो मिळवला होता कंदीलनं. एकटीनं.

कंदीलताई मात्र पांढरीफटक पडली होती. आता इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं तिच्या चेहऱ्यावर एकदम आलं, भीती आली, आशा आली. ती उभी राहिली आणि उतरत्या छतावर तिचं डोकं आपटलं. तेही तिला कळलं नाही. "बाई," ती म्हणाली, "झालं?"

बाईंना उठून तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं. पण नियम म्हणजे नियम. निकाल लेखी द्यायचा, दुसऱ्या दिवशी, मुख्याध्यापकांच्या समोर. त्यांनी आपला तो कोरा चेहरा लावला, चष्मा वर सारला आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "निकाल उद्या. तोपर्यंत मी काहीही बोलणार नाही."

कंदीलताईचा चेहरा पडला. खर्रकन उतरला. "बरं, बाई," एवढंच ती म्हणाली आणि ठोकळे पेटीत भरायला लागली.

भिंगरी दारात बसून बुटाची नाडी बांधत होती. वर न बघताच ती म्हणाली, "ताई, रडू नकोस. तू पास झालीस."

"तुला काय माहीत गं?"

"बाईंनी चष्मा वर केला ना." नाडीची गाठ पक्की ओढून ती उभी राहिली. "बाईंना आवडलं की त्या चष्मा वर करतात. नेहमी करतात. तू आलीस की रोज सकाळी करतात."

आणि ती गेली, जिना चढून, दोन दोन पायऱ्या एकदम.

कंदीलताई हातात ठोकळा घेऊन हळूच वळली. तिचा चेहरा असा उजळत गेला की आता उद्याच्या कागदात काय लिहिलंय ते शिपाईमामांनासुद्धा लांबून वाचता आलं असतं. बाईंना नवरा आठवला, ती खूण न सांगता ताट घेऊन घासायला निघालेला. त्यांचं बोट अजून चष्म्याच्या दांडीवरच होतं. ते खाली घ्यावं की तसंच राहू द्यावं, हे काही त्यांना ठरवता येईना.